हिरव्या दिव्यावरची टिकली

माझ्या मुलीच्या डोक्यावरचं ऐकायचं यंत्र नऊ दिवस बंद होतं, आणि त्या नऊही दिवसांत मी ते रोज सकाळी न चुकता चार्ज करून तिला लावत होतो. बंद आहे हे मला कळलं नाही, कारण ते सांगणारा दिवा मी स्वतःच झाकला होता. बायकोच्या टिकलीने.

हे कसं झालं ते सांगतो. कुणाच्या घरी हा प्रसंग येणार असेल, तर निदान माझं वाचून तो माझ्याइतका गाढव ठरणार नाही.

मी कागदोपत्री कर्णबधिर, घरात बहिरा. जन्मापासून. बायको वैशाली, तीही. मुलगी उमा, तीही. आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मी एका मंत्रालयात फायली इकडच्या तिकडे करतो, आणि मला टेलिफोन उचलावा लागत नाही म्हणून सेक्शनमधले सगळे माझा हेवा करतात. घरात आम्ही हातांनी बोलतो. पुढे जिथे वैशाली काही 'म्हणाली' असं येईल, ते हातांनी म्हणाली असं समजा, मराठी मी घातलंय. माझं मराठीही आईच्या चिठ्ठ्यांवर वाढलेलं. 'दूध तापवून ठेव.' 'शर्ट उलटा घातला आहेस.' त्यामुळे त्यात हुकूम जरा जास्त येतात, चालवून घ्या.

उमा हे नाव आम्ही ओठांसाठी ठेवलं. आधी ओठांचा चंबू, मग मिटणं, मग उघडणं. लांबूनही वाचता येतं. हातांचं नाव आमच्या मित्रमंडळींनी दिलं, आमच्यात ते आईबापांनी द्यायचं नसतं. हनुवटीवर एक बोट टेकवायचं, झाली उमा. तिथे तिला तीळ आहे.

ताट

ती सहा महिन्यांची असताना मी घरच्या घरी तपासणी केली. ती गादीवर बसली होती. मी मागून जाऊन स्टीलचं ताट आपटलं. ती लगेच वळली. मी पुन्हा आपटलं, ती पुन्हा वळली आणि हसली. त्या वेळी आई पुण्याहून आली होती. मी धावत जाऊन तिच्या वहीत लिहिलं, 'उमाला ऐकू येतं!' आई आणि मी वहीत लिहूनच बोलतो, त्याचं कारण पुढे येईल.

आईने वाचलं, माझ्याबरोबर खोलीत आली, मला पुन्हा ताट आपटायला लावलं आणि वहीत लिहिलं, 'तू ताट गादीवर आपटतो आहेस. आवाजच होत नाही. गादी हलते म्हणून ती वळते.'

खरी तपासणी महिनाभराने मोठ्या सरकारी हॉस्पिटलात झाली. बाळ झोपलेलं लागतं म्हणून औषध पाजून झोपवतात, आणि डोक्याला तारा लावतात. उमा झोपेना. वैशालीला झोप लागली. शेवटी दोघी झोपल्या आणि मी एकटाच त्या मशीनच्या पडद्यावरच्या सरळ रेषा बघत बसलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण डोंगर यायला हवे होते आणि सपाट मैदान येतंय, एवढं कुणालाही कळलं असतं.

डॉक्टरांनी निकाल सांगितला तो आईला. टेबलाच्या या बाजूला आम्ही दोघं आईबाप, आणि डॉक्टर आमच्या डोक्यांवरून मागे उभ्या असलेल्या माझ्या आईशी बोलत होते. मी डॉक्टरांचे ओठ सोडून दिले आणि मान वळवून आईचा चेहरा वाचायला लागलो. तो मला लहानपणापासून पाठ आहे. हनुवटी आत गेली, म्हणजे संपलं.

वैशालीने उमाला छातीशी घट्ट धरलं आणि एका हाताने मला म्हणाली, "आपली आहे." तिच्या डोळ्यांत दुःख नव्हतं. आनंद होता असंही म्हणत नाही. पण आपल्या गावचं माणूस परक्या स्टेशनवर भेटावं तसं काहीतरी होतं. आणि मागे आई रडत होती. मी दोघींच्या मधल्या खुर्चीत होतो. पुढचे आठ महिने मी त्याच खुर्चीत बसून होतो म्हणा ना.

हो आणि नाही

डॉक्टरांचं म्हणणं असं की कानामागे ऑपरेशन करून आत एक भाग बसवायचा, बाहेरून यंत्र लावायचं, आणि जे काही करायचं ते लवकर करायचं. मेंदूला आवाजाची ओळख व्हायचं वय निघून गेलं की यंत्र बसवूनही फारसा उपयोग होत नाही. विचार करायला वेळ घ्या, पण फार घेऊ नका. असा सल्ला ऐकून माणसाने काय करावं? मी जे केलं ते करू नये.

पुण्याला परतलेल्या आईने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, करायचं ना? मी लिहिलं, हो. वैशालीने त्याच संध्याकाळी विचारलं, तिच्या डोक्याला भोक पाडू देणार नाहीस ना? मी म्हणालो, नाही. दोघी खूश. मला वाटलं, काही दिवस असे निघतील. निघालेही. मग आईने मला पाठवायचा मेसेज वैशालीला पाठवला. 'तू हो म्हणालास ते बरं केलंस, वैशालीला हळूहळू सांग.'

वैशाली चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बहिऱ्या माणसाशी अबोला धरणं फार सोपं असतं, नुसतं दुसरीकडे बघायचं. मी तिच्यासमोर जाऊन हात हलवायचो, ती मान फिरवायची. मी पलीकडे जायचो, ती अलीकडे. त्या छोट्या क्वार्टरमध्ये मी चार दिवस तिच्याभोवती प्रदक्षिणा घातल्या.

पाचव्या दिवशी ती बोलली. म्हणाली, "मला ऑपरेशनची भीती वाटते, ती वेगळी. पण ऑपरेशन चांगलं झालं तर मला जास्त भीती वाटते."

तिला हे उगाच वाटत नव्हतं. रविवारी दुपारी राजीव चौकातल्या बागेत आमची मंडळी जमतात. तिथे सलीमभाई म्हणून एक आहेत, साठीचे, मिशीवरून बोट फिरवलं की त्यांचं नाव. त्यांनी हळूच सांगितलं होतं की त्यांच्या ओळखीच्या एका जोडप्याच्या मुलाला असंच यंत्र बसवलं. पोरगा बोलायला लागला, हुशार निघाला. आता आईबापांबरोबर मेट्रोत असला की लांबच्या सीटवर बसतो आणि त्यांनी हात उचलले की खिडकीबाहेर बघतो. सांगताना सलीमभाईंनी त्या मुलाचं खिडकीबाहेर बघणं इतकं हुबेहूब करून दाखवलं की मला ते स्वप्नात दिसायला लागलं. आणि त्या मुलाच्या हनुवटीवर तीळ असायचा.

पाणी

ऑपरेशन झालेल्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका नावाजलेल्या बाईंकडे आम्ही गेलो. आईही पुन्हा आली होती. बाई ठाम होत्या. आई वहीत लिहीत होती आणि मी वाचत होतो. 'ऑपरेशननंतर घरात हातवारे पूर्ण बंद. हात चालू राहिले तर जीभ आळशी होते. आईबापांनी तिच्यासमोर हात खिशात ठेवायचे.'

वैशालीने वाचलं, उमाला उचललं आणि चालायला लागली. मी हात जोडून बाईंची रजा घेतली, पण घाईत पिशवी त्यांची उचलली. ती परत द्यायला पुन्हा आत जावं लागलं. दुसऱ्यांदा हात जोडताना रुबाब राहत नाही.

घरी आल्यावर आई बराच वेळ वही घेऊन बसली. मग माझ्यासमोर ठेवली. त्यात लिहिलं होतं ते मी जसंच्या तसं देतो.

'तू तीन वर्षांचा होतास. शाळेतल्या बाईंनी हेच सांगितलं होतं, हात धरून ठेवा. तुला पाणी हवं असलं की तू हाताने दाखवायचास. मी दिलं नाही. तोंडाने म्हण, मग देईन. तू प्रयत्न केलास, जमलं नाही. रडत रडत तसाच झोपलास. असं एकदा नाही झालं. मी शिकलेली बाई, बाईंचं ऐकलं. म्हणून आज आपण वहीत बोलतो. ऑपरेशन करा नाहीतर करू नका. तिचे हात धरू नका.'

मला यातलं काहीही आठवत नाही. मी आईकडे पाहिलं तर तिची हनुवटी पुन्हा आत गेली होती. मी खाली लिहिलं, 'पण मग मला पाणी कधी दिलंस?' मी गंमत म्हणून लिहिलं होतं. आईने पेनाला टोपण लावलं. माझे विनोद कुठे करू नयेत हे मला उशिरा कळतं.

वैशालीने ती वही माझ्या हातून घेतली आणि दोनदा वाचली. मग आईच्या समोर बसून पाण्याची खूण करून दाखवली. आईने तशीच केली, चुकली, पुन्हा केली. सदुसष्टाव्या वर्षी आई आमच्या भाषेतला पहिला शब्द शिकली.

दोन दिवसांनी निर्णय वैशालीनेच घेतला आणि तो आईच्या वहीत लिहिला, म्हणजे मला पुन्हा दोघींना दोन गोष्टी सांगता येऊ नयेत. 'ऑपरेशन करू. यंत्र नको असलं तर ती मोठी झाल्यावर काढून ठेवेल. पण वेळ गेल्यावर बसवून उपयोग नाही. हात चालू राहतील. दोन्ही, नाहीतर काहीच नाही.' खाली तिने माझी सही घेतली.

मफलर

ऑपरेशन जानेवारीत झालं. दोघांनाच आत सोडत होते, म्हणून आई घरी थांबली. हा आमचा मोठा मूर्खपणा. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाइकांना नाव पुकारून बोलावतात, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. दार उघडायचं, एक माणूस तोंड उघडायचा, गर्दीतून कुणीतरी उठून धावायचं. ते तोंड उमा म्हणतंय की उमेश, गर्दीतून दिसेना. नाव ओठांसाठी ठेवलं होतं, पण त्या माणसाने मास्क लावलेला.

मग आम्ही पाळ्या लावल्या. एकाने दाराकडे बघायचं, दुसऱ्याने डोळे मिटायचे. डोळे मिटायच्या पाळीत कुणी मिटले नाहीत. मला लघवीला लागली होती, मी गेलो नाही. नजर हलली तर तेवढ्यात दार उघडेल, आत काहीतरी विचारायचं असेल, रक्त हवं असेल, आणि आम्ही समोर बसून राहू, असं सारखं वाटत होतं.

दारावरच्या गार्डने हे बराच वेळ पाहिलं. हरियाणाचा धिप्पाड माणूस, लाल मफलर. मी मोबाइलवर हिंदीत लिहून दाखवलं की आम्हाला ऐकू येत नाही, उमा आली की सांगा. त्याने वाचलं, गळ्यातला मफलर काढला आणि हवेत फिरवून दाखवला. म्हणजे, असा फिरवीन. नक्की.

दहा मिनिटांत मफलर फिरला. आम्ही दोघं असे धावलो की मधल्या एका आजोबांचा डबा सांडला. पोचलो तर गार्ड म्हणत होता, अंगठा तोंडाकडे नेऊन, की चहा घेऊन या, अजून वेळ आहे. मी तिथेच जमिनीवर बसलो. त्याला बिचाऱ्याला वाईट वाटलं. चहा त्यानेच आणून दिला.

दुसऱ्यांदा मफलर फिरला तेव्हा मी उठलोच नाही. वैशालीने दंडाला धरून ओढलं. दारात पांढऱ्या पट्टीत डोकं गुंडाळलेली उमा होती, अर्धवट जागी, आणि तिची बोटं चादरीवर हलत होती. ती पाणी मागत होती.

या वेळी तरी मी विनोद केला नाही. पण डॉक्टर अजून पाणी द्यायचं नाही म्हणाले, आणि तिला दोन तास नाही म्हणत राहणं हे माझ्याच वाट्याला आलं.

दिवा

आता टिकली.

यंत्र सुरू केलं ते मयूर विहारच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये, अंजुम मॅडमकडे. तिथे हातांना बंदी नव्हती. मेट्रोच्या गुलाबी लाइनने थेट जाता येतं. पहिल्या आवाजाला उमा दचकली, रडली, आणि तिने आमच्याकडे असं पाहिलं की हे तुम्ही केलंत. केलं होतंच. पण महिन्याभरात कुकरची शिट्टी झाली की ती वळायला लागली. शिट्टी आम्हाला वाफेवरून कळते, तिला पाठमोरीला कळायची. त्या यंत्रावर बारीक दिवा असतो. ठीक चालू असलं की हिरवा लुकलुकतो, बिघडलं की नारिंगी.

आता आमच्या घरात दिवा लुकलुकणं म्हणजे दारावर कुणीतरी आलं. बेलला आम्ही दिवाच जोडलाय. वीस वर्षांची सवय. उमा कोपऱ्यात खेळतेय, माझ्या डोळ्याच्या कडेला काहीतरी लुकलुकलं की मी उठून दार उघडायचो. कुणी नाही. बसलो की पुन्हा. समोरच्या क्वार्टरमधल्या भाभींना वाटायला लागलं की मी त्यांची वाट बघत दारात उभा राहतो. तेव्हा मी वैशालीच्या पाकिटातली एक टिकली काढली आणि दिव्यावर लावली. माझ्या हुशारीवर मी दोन दिवस खूश होतो.

त्याच सुमारास आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली. घरातले ऐकणारे कान गेले. आणि यंत्राची वायर बिघडली.

अंजुम मॅडमनी रोजची नोंद ठेवायला सांगितली होती. आम्ही सरकारी माणसं, नोंद ठेवण्यात कमी नाही. कुकर झाला, उमा वळली नाही. 'प्रतिसाद नाही', खाली सही, तारीख. दुसऱ्या दिवशी तेच. नऊ दिवस मी सुवाच्य अक्षरात तेच लिहिलं. आणि यंत्र तपासावं हे डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात दुसरंच चाललं होतं.

ते आता लिहितो. त्या नऊ दिवसांत उमा भरभरून हातांनी बोलत होती. कबुतराची गोष्ट, बुटाची गोष्ट, सगळं आमच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे बघून. आणि मला वाटलं, तिने यंत्र नाकारलं असेल. आणि मला बरं वाटलं. ज्यासाठी तिच्या डोक्याला टाके घातले ते फुकट गेलं असं वाटत होतं, आणि आत कुठेतरी सुटल्यासारखं होत होतं.

दहाव्या दिवशी अंजुम मॅडमनी यंत्र हातात घेतलं, थांबल्या, नखाने टिकली काढली. खाली नारिंगी दिवा लुकलुकत होता. मी सवयीने दाराकडे पाहिलं.

त्यांनी मोबाइलवर लिहिलं, "ये बिंदी किसने लगाई?" मी हात वर केला. "नौ दिन से बच्ची कुछ नहीं सुन रही." मग नवी वायर लावली, दिवा हिरवा झाला, आणि तिसऱ्यांदा लिहिलं की हा हिरवा दिवा सेटिंगमधून बंद करता येतो, विचारायचं होतं.

परतीच्या मेट्रोत मी वैशालीला ते बरं वाटल्याचं सांगितलं. आमच्यात नजर चुकवून काही कबूल करता येत नाही, बोलायचं तर समोर बघावंच लागतं. तिने सगळं पाहिलं आणि म्हणाली, "मलाही." मग उमाच्या यंत्रावरून हात फिरवून दिवा हिरवा आहे ना ते बघितलं. सरोजिनी नगर येईपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने तेच बघत होतो.

आवाज

आता उमा चार वर्षांची आहे. आई इथेच राहते आणि दिवसभर तिच्याशी बोलते. आयुष्यात पहिल्यांदा आईला घरात ऐकणारं कुणी मिळालंय, ती सोडत नाही. उमा तिच्याशी मराठी बोलते, नर्सरीत हिंदी. हातही चालू आहेत. तरी कधी जेवताना दोघी एकदम हसतात, आणि आम्ही दोघं घास हातात धरून एकमेकांकडे बघतो. उमा सांगते मग, काय झालं ते. पण ते मग असतं. मला खिडकीबाहेर बघणारा तो मुलगा आठवतो.

म्हणून मी गुपचूप एक उद्योग केला. शाळेत शिकवलेला आवाज तीस वर्षांनी बाहेर काढला. ऑफिसच्या बाथरूममध्ये आरशासमोर, एक हात गळ्यावर, एक तोंडासमोर. उमा. उमा. आमच्या सेक्शन ऑफिसरनी एकदा दार उघडलं आणि तसंच लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला सुचवलं, तब्येतीसाठी.

ती रजा घेऊन मी उमाला आणायला नर्सरीच्या गेटवर गेलो. मुलं सुटली. ती दिसली, पाठमोरी, मैत्रिणीशी बोलत होती. तोंडाने. मी छाती भरून घेतली आणि हाक मारली.

गेटवरच्या सगळ्या आया वळल्या. भिंतीवरचं कबुतर उडालं. उमाही वळली, इकडेतिकडे बघितलं, मग मला पाहिलं आणि धावत आली. मी खाली वाकून पुन्हा म्हणालो, अगदी आरशात म्हणायचो तसं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, तळहात माझ्या तोंडावर ठेवून ते बंद केलं, आणि सगळ्यांसमोर हातांनी म्हणाली,

"बाबा, हाताने सांग. तोंडाने तुझं काही कळत नाही."